उपचारासाठी मुंबईत येताय? परळ-दादर भागात महिना-दोन महिन्यांसाठी घर घेताना

भुसावळहून आईला घेऊन आम्ही दादरला उतरलो तेव्हा हातात हॉस्पिटलची तारीख होती, पण राहायची सोय नव्हती. पुढचे पाच महिने आम्ही मुंबईत काढले आणि तेवढ्या काळात तीन घरं बदलली. पहिलं अकराव्या दिवशी सोडावं लागलं. दुसरं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. तिसरं मनासारखं मिळालं, पण तोवर आईच्या चार केमो झाल्या होत्या.

गावाकडून कुणी टाटा हॉस्पिटलला निघालं की हल्ली मला फोन येतो, आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो: घराचं काय करायचं? दर वेळी फोनवर जे सांगते ते इथे नीट क्रमाने लिहून ठेवते आहे. परळच्याच केईएम किंवा वाडिया हॉस्पिटलला येणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

घर बघायला जाताना एक प्रश्न मनात पक्का ठेवा. आपल्या माणसाचा सगळ्यात वाईट दिवस या घरात निभावेल का? उलट्या होताहेत, अंगात त्राण नाही, रात्रीचे दोन वाजलेत आणि ताप चढलाय, असा दिवस. भाडं, अंतर, फर्निचर यांचा विचार त्यानंतर.

१. उपचार नेमके कुठे होणार, ते आधी विचारा

टाटा म्हणजे परळ, असं आपण धरून चालतो. पण टाटा मेमोरियलचंच दुसरं मोठं केंद्र खारघरला आहे, ॲक्ट्रेक नावाचं. बऱ्याच रुग्णांचे उपचार तिकडे होतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट तर तिथेच होतं. आमच्या ओळखीच्या अकोल्याच्या एका कुटुंबाने परळला दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, आणि आठवड्याने कळलं की पुढचं सगळं खारघरला आहे. मग रोज आधी कुर्ला, तिथून पनवेल लोकल. आजारी माणसाला घेऊन हे जमण्यासारखं नाही.

म्हणून तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत महिन्याचं घर घेऊच नका. ते आठ-दहा दिवस लॉज, नातेवाईक, मिळेल तिथे काढा. निर्णय झाला की डॉक्टरांना स्पष्ट विचारा:

- उपचार परळला की खारघरला?
- केमो असेल तर दोन केमोंमध्ये किती दिवस? बरेचदा हे चक्र २१ दिवसांचं असतं.
- रेडिएशन असेल तर किती आठवडे? ते बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज असतं आणि कित्येक आठवडे चालतं.
- मधल्या काळात गावी जायला परवानगी आहे का?

शेवटच्या प्रश्नावर पैशांचं सगळं गणित फिरतं. २१ दिवसांची केमो असेल आणि डॉक्टर जा म्हणाले, तर महिनाभर घर अडवण्यापेक्षा दर वेळी आठवडाभराची सोय स्वस्त पडते. रेडिएशन असेल तर मात्र इथेच राहावं लागतं, आणि हॉस्पिटलच्या जितकं जवळ तितकं बरं.

२. भाड्याच्या घराआधी हे करून बघा

हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल सर्व्हिस विभाग आहे. पहिल्याच दिवशी तिथे जा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन अशा ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची अगदी कमी खर्चात सोय होते. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूडच्या केंद्रांबद्दल जरूर विचारा, तिथे कुटुंबाला मोफत राहता येतं. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि प्रतीक्षा यादी असते. नाव घालून ठेवायला काहीच हरकत नाही. आमचा नंबर यायला वेळ लागला म्हणून आम्ही घराच्या मागे लागलो.

मदत घ्यायला संकोच करू नका. माझ्या भावाने पहिले पंधरा दिवस “धर्मशाळेत कशाला?” म्हणून घालवले. तेच पैसे पुढे औषधांना लागले.

३. कुठला भाग बघायचा

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, दादर पूर्व, वडाळा, प्रभादेवी या पट्ट्यात शोधा. नवख्या माणसाला तीन गोष्टी ठाऊक नसतात.

पहिली, इथे रिक्षा नाही. सायन आणि माहीमच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, रिक्षा येतच नाहीत. टॅक्सीच घ्यावी लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, पण जवळचं अंतर सांगितलं की काही टॅक्सीवाले नाही म्हणतात. त्यामुळे ‘टॅक्सीने पाच मिनिटं’ असं ब्रोकर म्हणाला तरी टॅक्सी मिळायला लागणारा वेळ त्यात धरा. अर्थात हॉस्पिटलची फाइल हातात दिसली की स्वतःहून थांबून, पैसे न घेता सोडणारे टॅक्सीवालेही आम्हाला भेटले.

दुसरी, पाऊस. जून ते सप्टेंबर इथे राहणार असाल तर दादर-परळमधल्या हिंदमाताच्या आसपासचा सखल भाग टाळा. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे पाणी साचतं. घर दुसऱ्या मजल्यावर असून उपयोग नाही, कारण दारातून बाहेरच पडता येत नाही.

तिसरी, गणपती. लालबाग-परळमध्ये त्या दिवसांत रात्रंदिवस गर्दी असते, रस्ते बंद होतात, ढोल आणि स्पीकर चालू असतात. एरवी मलाही तिथे जायला आवडेल. पण केमोनंतर डोकं उशीवर टेकू न शकणाऱ्या माणसाला घेऊन त्या गल्लीत राहायचं नसतं. तारखा आधी बघा आणि त्या काळात दादर पूर्व किंवा वडाळ्याकडे सरका.

लोकलबद्दल थोडं. परळ स्टेशन मध्य रेल्वेवर, प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर, दोन्ही पुलाने जोडलेली. फास्ट गाडी दादरला थांबते, परळला स्लो घ्यायची. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, फाइलचा कागद जवळ असू द्या. गावाहून येण्या-जाण्याच्या तिकिटातही रेल्वेची मोठी सवलत आहे. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो.

४. घर प्रत्यक्ष बघताना

फोटोवरून घर ठरवू नका. कुणीतरी एकाने जाऊन बघाच, आणि शक्य असेल तर सकाळी एकदा, रात्री एकदा.

*जिना आणि लिफ्ट.* आमचं दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आई म्हणाली, “चढेन गं, त्यात काय.” पहिल्या केमोनंतर चढलीसुद्धा. तिसऱ्या केमोनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या चपलांच्या कपाटाला टेकून ती खाली बसली, आणि ना वर जाता येई ना खाली. समोरचं दार उघडून एक आजी बाहेर आल्या. काही न विचारता आतून प्लास्टिकचं स्टूल आणलं, मग पाण्याचा तांब्या. ते स्टूल त्यांनी पुन्हा आत नेलंच नाही. आम्ही तिथे होतो तोवर ते जिन्यातच राहिलं आणि आई येता-जाता त्यावर दम खायची. आजींचे उपकार मी विसरणार नाही, पण तुम्ही लिफ्टचं किंवा तळमजल्याचंच घर घ्या. लिफ्ट असेल तर तिच्यात व्हीलचेअर मावते का, रात्री चालू असते का, महिन्यातून किती वेळा बंद पडते, हे वॉचमनला विचारा. मालकापेक्षा वॉचमन खरं सांगतो.

*संडास.* कमोड हवाच आणि तोही घरातच. जुन्या चाळींत संडास सामाईक असतात. भाडं कितीही कमी असलं तरी केमोच्या रुग्णाला तिथे नेऊ नका, अशा वेळी शरीराची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते. कमोडपाशी धरायला दांडी आहे का आणि फरशी ओली झाली की घसरते का, तेही बघा.

*पाणी.* मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं. काही इमारतींत टाकीतून दिवसभर मिळतं, काहींत पहाटे तास-दीड तास भरून ठेवावं लागतं. ‘पाणी चोवीस तास’ हे वाक्य तिसऱ्या घरापर्यंत मी तीनदा ऐकलं. खरं निघालं एकदाच. स्वतः नळ उघडून बघा आणि शेजारच्या दाराची बेल वाजवून विचारा. आठ-दहा बादल्यांचा ड्रम आहे का? मोरीत पाणी तुंबतं का?

*धूळ.* या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. खिडकीसमोर काम चालू असेल तर ते घर सोडून द्या. सिमेंटची धूळ आणि ड्रिलचा आवाज दिवसभर सहन होत नाही.

*स्वयंपाकघर.* हे नसेल तर घर घेण्यात अर्थ नाही. बाहेरचं खाऊ नका, पाणी उकळून प्या, असं डॉक्टर सांगतात आणि भूक तर लागतच नाही. आईला त्या दिवसांत फक्त मऊ खिचडी आणि मुगाचं पातळ वरण जायचं, तेही रात्री अकराला आठवण आली की. पाइप गॅस असेल तर उत्तम. नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

५. ब्रोकर, मालक आणि सोसायटी

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

पहिलं घर आम्हाला हॉस्पिटलच्या बाहेर भेटलेल्या एका माणसाने मिळवून दिलं. चावी देताना म्हणाला, “वॉचमनने विचारलं तर ओनरचे पाहुणे म्हणून सांगा.” आम्ही तसंच सांगितलं. नवव्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन वर आले. मालकाने सोसायटीला काही कळवलेलं नव्हतं, करार नव्हता, पोलिसांकडे नोंद नव्हती. ते गृहस्थ ओरडले नाहीत. आई आत झोपलेली दिसल्यावर आवाज आणखी खाली आणला आणि आम्हाला दोन दिवस दिले. पण नियम नियमच. आणि ब्रोकरचा फोन बंद.

तेव्हा कुणी ‘पाहुणे म्हणून सांगा’ म्हणालं की तिथूनच परत फिरा. बाकी धोके असे:

घर न बघता ‘टोकन’ पाठवू नका. मालक परगावी नोकरीला आहे, घराला मागणी फार आहे, आधी क्यूआर कोडवर पाच हजार टाका, असं सांगणारे लोक जाहिरातींमधून भेटतात. चावी आणि कागद समोर आल्याशिवाय एक रुपयाही नाही.

जुन्या इमारतीतलं घर असेल तर ते पागडीचं आहे का, विचारा. पागडीतला माणूस स्वतःच भाडेकरू असतो. घरमालकाच्या परवानगीशिवाय त्याने तुम्हाला ठेवलं तर भांडणात तुम्ही सापडता. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घरांवरही बंधनं असतात. देणाऱ्याच्या नावाचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची पावती किंवा विजेचं बिल बघायला मागा. यात संकोच कसला?

दलाली आधी ठरवा. अकरा महिन्यांच्या करारावर एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घ्यायची पद्धत आहे. दोन महिन्यांसाठी तेवढंच मागत असतील तर घासाघीस करा. आम्ही तिसऱ्या घराला पंधरा दिवसांच्या भाड्यावर आणलं.

आणि आजार लपवू नका. मी पहिल्यांदा लपवला होता, घर मिळणार नाही या भीतीने. तिसऱ्या घराच्या काकूंना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्या नणंदेला झाला होता. कधीपासून येताय?” कुणी नाही म्हणालं तर म्हणू दे. ते आधीच कळलेलं बरं.

६. करार: दोन महिन्यांसाठीही करा

‘दोनच महिने आहेत, करार कशाला’ असं मालक म्हणतो. तरी आग्रह धरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नोंदला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सांगितलं की बहुतेक मालक तयार होतात. धमकीच्या सुरात मात्र सांगू नका, त्याच माणसाच्या घरात राहायचं आहे.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिटवरचं व्याज धरून), नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे. रुग्णाला कुठे जावं लागत नाही. करार रुग्णाच्या नावावर न करता सोबत राहणाऱ्याच्या नावावर करा, म्हणजे सह्या आणि अंगठे रुग्णाच्या मागे लागणार नाहीत.

लागणारे कागद:

- आधार कार्ड, मोबाइल नंबर जोडलेलं (नंबर बदलला असेल तर गावाहून निघायच्या आधी दुरुस्त करा)
- पॅन कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रत्येकी चार
- हॉस्पिटलच्या फाइलच्या पहिल्या पानाची प्रत
- घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र, आलटून-पालटून येणाऱ्या भावा-बहिणींचंही
- दोन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं

करारात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या. उपचार लांबले तर त्याच भाड्यात आणखी किती दिवस राहता येईल. आधी सोडावं लागलं तर किती दिवसांची नोटीस. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. यातली दुसरी अट लिहून घेताना हात थांबतो, मला माहीत आहे. तरी लिहून घ्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम, मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. भरल्याची प्रत तुमच्याकडे ठेवा, आणि एक सेक्रेटरींना द्या. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते तो मालकाने भरायचा असतो, तुमच्याकडून मागितला तर करार दाखवा.

७. राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी

सामान लावण्याआधी मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतींची ओल, फुटलेल्या फरशा, नळ, गाद्या. गाद्यांच्या शिवणी उलटून बघा, ढेकूण तिथेच असतात. विजेच्या मीटरचा फोटो काढून मालकाला तिथल्या तिथे पाठवा. या भागात वीज बेस्टची आहे, बिल महिन्याला येतं आणि एसी लावला तर चांगलंच येतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. घरापासून हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागापर्यंत एकदा रात्री जाऊन या. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. त्या वेळी कुठलं गेट उघडं असतं, टॅक्सी कुठल्या कोपऱ्यावर मिळते, इमारतीचं फाटक कोण उघडतं, हे आधी माहीत हवं. वॉचमनचा नंबर घ्या. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

गावाहून आणायच्या वस्तू थोड्याच आहेत: लहान कुकर, थर्मामीटर दोन, स्वतःच्या चादरी-उशा, एक्स्टेन्शन बोर्ड, मच्छरदाणी, आणि रुग्णाच्या ओळखीचं एखादं भांडं. आईने तिचा पितळी पेला आणला होता. बाकी सगळं दादरला मिळतं. व्हीलचेअर, कमोडची खुर्ची विकत घेऊ नका, भाड्याने मिळते.

८. शेजाऱ्यांशी

आपण काही आठवड्यांसाठी आलेलो असतो, पण ती माणसं तिथे आयुष्यभर राहतात. पहिल्या दोन दिवसांत शेजारच्या दोन्ही दारांवर जाऊन कोण, कुठून, कशासाठी, किती दिवस, एवढं सांगून या. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची गर्दी वाढली की तक्रार हमखास येते. गावाकडच्या मंडळींना सांगा, एका वेळी दोघंच या, आणि दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका.

ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. इंजेक्शनच्या सुया आणि ड्रेसिंगचे बोळे कधीही त्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराच्या हाताला टोचतात. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवा आणि हॉस्पिटलात नर्सना विचारून तिथेच द्या.

एखादी बाई लिफ्टमध्ये आपल्याबरोबर चढणार नाही. एखादा मुलगा त्याच्या आईने ओढून मागे घेतलेला दिसेल. वाईट वाटतं. हा आजार असा पसरत नाही, उलट जपायचं तर आपल्या रुग्णाला त्यांच्या सर्दी-खोकल्यापासून, हे शांतपणे एकदा सांगा. बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

९. घर सोडताना

पंधरा दिवस आधी मालकाला मेसेज पाठवून तारीख कळवा, नुसतं फोनवर बोलू नका. शेवटच्या दिवशी मालकासमोर पुन्हा व्हिडिओ, मीटरचा फोटो, आणि विजेचं शेवटचं बिल किती येईल त्याचा अंदाज लावून तेवढीच रक्कम डिपॉझिटमधून मालकाकडे ठेवा. उरलेले पैसे खात्यावर आल्यावरच चावी द्या. रंगाचे, साफसफाईचे पैसे कापायचे असतील तर ते करारात लिहिलेले असावे लागतात.

बादल्या, ड्रम, छोटा सिलिंडर, पाय टेकायला आणलेला पाट, हे गावी नेण्यात अर्थ नसतो. मेडिकल सोशल सर्व्हिस विभागात विचारलंत तर नुकतंच आलेलं कुटुंब सापडेल. आमचा ड्रम आणि कुकर यवतमाळच्या एका जोडप्याने नेला. जाताना काकूंचा नंबरही त्यांना दिला.